जलदुर्गांचा दाणागोटा

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडे बाजाराकरिता दूरवर ठाऊक आहे. बैल, म्हशी, शेळ्यामेंढ्या यांची खरेदीविक्री करणारे लोक तेथे लांबलांबच्या तालुक्यांतून जमतात. या गावातील तीसबत्तीस मंडळींनी गेल्या मार्गशीर्षात एक मोटार ठरवून कोकणचे किल्ले व समुद्र एका दिवसात पाहून येण्याचा बेत केला, आणि इतिहास शिकविणारा एक मनुष्य सोबत असावा म्हणून मलाही त्यात ओढले. अलिबागेस एक माहितगार वाटाड्या मोबदला देऊन अगोदरच ठरविलेला होता. तेव्हा माझे काम काय, असे मी विचारले. "तो सांगेल त्यातलं खरं किती, तेवढं तुम्ही सांगा," असे उत्तर मिळाले. हे काम मला सोपे वाटले. ते शेवटी माझ्यावरच कसे उलटले, त्याची हकीकत येथे द्यावयाची आहे.

एका दिवसात जलदुर्ग पाहावयाचे तर घड्याळाच्या जोडीला पंचांगही हाताशी असावे लागते. किनाऱ्यावरील कोळी लोकांचा हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. आमचा दिवस वद्य चतुर्थीचा होता. चारांची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आगेमागे, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. सकाळच्या ओहोटीत कुलाबा पायी पाहावयाचा आणि दुपारच्या भरतीत राजपुरीहून होडीने जंजिऱ्यास जावयाचे, असा सर्व बेत या पाऊणपटीवर बसविलेला होता. मध्यरात्रीपूर्वी काष्टी सोडली आणि दौंड, पुणे, खोपोली, पेण असे करीत सकाळी अलिबाग गाठली.

ज्याने आयुष्यात आडात, तलावात आणि कालव्यातच पाणी पाहिले, त्याला समुद्राचा तळ उघडा पडलेला पाहून काय वाटते हे आम्हां शहरवासीयांस सहसा कळत नाही. कुलाब्याच्या वाटेवर ओल्या वाळूतून, घोटाभर पाण्यातून चालताना मंडळी प्रथम गप्प झाली आणि मग एकदम सर्वच बोलू लागली. ज्यांस चालवत नाही त्यांच्याकरिता तेथे घोडागाड्या असतात. आमच्या मंडळींत एक वयस्क व्यापारी होते; त्यांची हयात जनावरांच्या बाजारात गेली. त्यांनी किल्ल्याकडे न पाहता घोड्याचे खूर पाहिले, त्याचे दात पाहिले, आणि खाऱ्या पाण्याने याचे खूर बिघडत नाहीत काय, असे गाडीवानास विचारले. गाडीवानाने त्यांस दिलेले उत्तर मला ऐकू आले नाही. परंतु दिवसभर त्यांचे प्रश्न याच जातीचे होते आणि ते मी पुढे लक्ष देऊन ऐकू लागलो.

कुलाबा शिवाजीमहाराजांनी बांधावयास घेतला आणि आंग्ऱ्यांनी नावारूपास आणला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले ते अलिबागेसच. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. राघोजी आंग्ऱ्यांनी १७५९ मध्ये बांधविलेले गणपतीचे पंचायतन आहे. चतुर्थी असल्यामुळे तेथे अर्धा तास मोडला. तो मोडू नये असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. तटाचे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत आणि लाटेचे पाणी त्यांच्या फटींत शिरून तिचा जोर मोडतो, हे वाटाड्याने सांगितले ते बरोबर आहे. तटावर गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफांवर इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातील कारखान्याचे नाव कोरलेले आहे, हेही त्याने दाखविले. मात्र त्या आंग्ऱ्यांनी इंग्रजांपासून लढाईत हिसकावून घेतल्या, असे तो सांगू लागला तेव्हा मला आपले काम करावे लागले. राघोजीनंतर वारसाचा प्रश्न काढून इंग्रजांनी कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा केले. त्या तोफा मागाहूनच्या, इंग्रजी अमलातील आहेत.

परंतु कुलाब्याची एक गोष्ट वाटाड्याने अर्धीच सांगितली. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र होऊन समुद्रातून व जमिनीवरून अलिबागेवर स्वारी केली. इंग्रजांचा सेनापती कमोडोर मॅथ्यूज हा विलायतेहून आलेला, तापट मनुष्य होता. हल्ला फसल्यावर पोर्तुगीज फौज पळू लागली तेव्हा तो इतका भडकला की, त्याने पोर्तुगीज सेनानायकाच्या तोंडातच आपल्या हातातील छडी खुपसली, असे त्या स्वारीत असलेल्या डाउनिंग नावाच्या इंग्रजाने लिहून ठेविले आहे. वाटाड्याने हा सर्व पराक्रम कुलाब्याच्या तटाच्या आणि आरमाराच्या पदरात टाकला. आरमार शूर होते यात शंका नाही. तथापि पोर्तुगीजांचा धीर सुटला तो पिलाजी जाधव आणि पाठोपाठ बाजीराव पेशवे यांचे घोडदळ घाट उतरून आले म्हणून. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांस न विचारता तह केला. समुद्रातील किल्ला देशावरील घोडेस्वारांनी राखला, असे मी म्हणालो तेव्हा मंडळींस फार आनंद झाला, आणि खरे सांगावयाचे तर मलाही झाला. आपल्या बाजूचा मनुष्य जिंकला की इतिहासाच्या अध्यापकासही बरे वाटते.

साडेदहापूर्वी पाणी पुन्हा चढू लागले म्हणून परतलो आणि मोटारीने चौल-रेवदंड्याकडे वळलो. अलिबागेच्या किनाऱ्यावरून उत्तरेस खांदेरी-उंदेरीची बेटे दिसतात. त्यांपैकी खांदेरी २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेली. जंजिरा, कुलाबा व पद्मदुर्ग त्या यादीत नाहीत, हे वाटाड्याने जरा रागानेच सांगितले.

रेवदंड्यास प्रवासी मंडळी फारशी थांबत नाहीत. पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आता नारळीपोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी बुरुजाचे उभे राहिलेले खण आणि देवळांच्या पडक्या भिंती त्यांतून वर डोकावतात. आमच्या वाटाड्याने येथे पाऊण तास दिला होता. मी तो हट्टाने दीड तास करून घेतला. कारण माझ्या मते आमच्या नगर प्रांताचा समुद्र तो हाच.

येथे एक स्मारकस्तंभ आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतात बसून चौलास उतरला, त्याचे ते स्मारक होय. त्याच्याजवळ विकावयाचा माल एकच, तो म्हणजे एक घोडा. हिंदुस्थानात चांगला घोडा निपजत नाही आणि तेथे त्याला मोठी किंमत येते, असे त्याला कळले होते. तो घोडा घेऊन तो पायी घाट चढून जुन्नरास गेला. या वाटेस त्याला तीन आठवड्यांहून अधिक लागले. जुन्नरच्या बहामनी सुभेदाराने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितले की, मुसलमान होशील तर घोडा देईन आणि वर मोहराही देईन, नाहीतर घोडाही नाही. चार दिवसांची मुदत दिली. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून घोडा सोडविला. ही हकीकत निकितीनने स्वतःच लिहून ठेविली आहे. ती मी सांगितली तेव्हा आमचे व्यापारी गृहस्थ म्हणाले, "बाजारात नवा माणूस दिसला की असंच हुतं, सर. पण घोडा इकला का त्यानं?" विकला, पुढे बेदरच्या बाजूस विकला, असे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले.

निकितीनने चढलेला तो घाट म्हणजेच निजामशाहीची नाळ होती. मलिक अहमद हा निजामशाहीचा मूळपुरुष प्रथम जुन्नरासच होता. मागाहून त्याने अहमदनगर वसविले. दख्खनच्या सुलतानांचे सारे बळ घोडदळाचे, आणि चांगला घोडा अरबस्थान व इराण येथून समुद्रावाटे यावयाचा. चौलचे बंदर हातात असणे म्हणजे नगरच्या पागेचा दरवाजा हातात असणे होय. म्हणूनच १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली तेव्हा बुऱ्हाण निजामशहाने घोड्यांची आयात चालू राहावी अशी अट घालून ती दिली. वरचे चौल निजामशहाचे आणि खालचे, समुद्राच्या तोंडावरचे रेवदंडे पोर्तुगीजांचे, अशी ती वाटणी झाली. घोडे मिळाले, पण घोड्यांच्या वाटेवर परक्याचा पहारा बसला. पन्नास वर्षांनी मूर्तझा निजामशहाने हा पहारा उठविण्याकरिता १५७० च्या अखेरीस रेवदंड्यास वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्यास घातला होता. मूर्तझाची फौज अफाट होती, तोफा होत्या, हत्ती होते. नव्हते ते आरमार. जमिनीच्या बाजूने वेढा आणि समुद्राच्या बाजूने उघडे दार. त्या दाराने गोव्याहून माणसे, दारूगोळा आणि धान्य येतच राहिले. निजामशाही सरदारांस पोर्तुगीजांनी द्राक्षाचे मद्य चारून रसद आत सोडविली, असे फेरिश्ता सांगतो. तो त्या दरबारात वाढलेला असल्यामुळे त्याचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. १५७१ च्या पावसाळ्यात तह झाला. पुढे खाडीपलीकडील कोर्लईच्या टेकडीवर निजामशाहीने पोर्तुगीजांच्या छातीवर किल्ला उभारला. तोही १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून घेतला. त्यानंतर सहा वर्षांतच नगरचा भुईकोट मोगलांच्या हाती पडला.

मी तीस वर्षे नगरचा इतिहास शिकविला. त्यात चांदबिबी आली, मलिकंबर आला, १६२४ ची भातवडीची लढाई आली, भुईकोटाचा खंदक किती रुंद हेही आले. चौलचे नाव मात्र एखाद्या वाक्यात येऊन जाई. ज्या राज्याची पागा समुद्रावर अवलंबून होती, त्या राज्यास मी विद्यार्थ्यांपुढे समुद्राशिवाय उभे करीत आलो. काष्टीच्या त्या मंडळींत माझे दोन जुने विद्यार्थीही होते. "सर, हे आपल्याला नव्हतं सांगितलं," असे त्यांपैकी एक म्हणाला. त्यावर मला उत्तर नव्हते.

कोर्लईचा किल्ला वेळ नसल्यामुळे खाडीवरूनच पाहिला. गावातील ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजापासून निघालेली एक बोली घरात बोलतात आणि तिला आपली भाषा एवढेच म्हणतात, हे वाटाड्याने सांगितले व ते खरे आहे. पोर्तुगीजांनी रेवदंडे व कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांच्या स्वाधीन केली. तटांवरचे निशाण गेले, बोली राहिली. वाटेत काशीदच्या पांढऱ्या वाळूवर मंडळी अर्धा तास पाण्यात शिरली. धोतरे खोचून उभी असलेली म्हातारी माणसे लाट आली की मुलांसारखी ओरडत होती. त्यांस बाहेर काढणे हे दिवसातले सर्वांत कठीण काम ठरले.

राजपुरीच्या धक्क्यावर आलो तेव्हा भरती चढत होती. शिडाच्या होड्या तट आणि दरवाजा यांच्या जवळ जातात आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, ही जंजिऱ्याची ख्याती यथार्थ आहे. दरवाजावर एका व्याघ्राकृती प्राण्याने पंजांत, शेपटीत व तोंडात हत्ती धरल्याचे शिल्प आहे. वाटाड्याचा आवाज येथे चढला. बावीस एकर जागा, बावीस वर्षे बांधकाम, बावीस बुरूज, ५७२ तोफा आणि एकदाही न हरलेला किल्ला! बावीस या आकड्यावर सर्व किनाऱ्याचे प्रेम दिसते. पुस्तकांतून बुरूज एकोणीस सापडतात. त्यानंतर त्याने राम कोळ्याची कथा सांगितली. कोळ्यांच्या मेढेकोटात निजामशाहीचा पिरमखान व्यापारी बनून आला, मद्याची पिंपे भेट दिली, कोळी झिंगल्यावर गठ्ठ्यांतून लपविलेली माणसे काढून कोट घेतला. कथा जुनी आहे आणि तिचे सर्व तपशील खरे मानावयास हवेत असे नाही. परंतु मद्याने कोळ्यांचा कोट मिळविणारे आणि रेवदंड्यास मद्यानेच वेढा गमावणारे एकाच दौलतीचे नोकर होते, ही योजना इतिहासाने केली की कथाकारांनी, हे सांगणे कठीण आहे. एवढे मात्र निश्चित की, हा किल्ला आणि त्यातील हबशी अंमलदार मुळात निजामशाहीचे. मलिकंबरही हबशीच, निजामशाहीचा वजीर चंगीझखान याने विकत घेतलेला गुलाम. १६३६ मध्ये ती दौलत बुडाली, तिचे कोकण विजापूरकडे गेले आणि जंजिरेकर सिद्दी मागे राहिले.

तटावर मंडळी तोफांभोवती जमली. कलालबांगडी तोफेवर हात फिरवून झाले. तेव्हा व्यापारी गृहस्थांनी वाटाड्यास विचारले, "दादा, तोफांचं झालं. पण एवढ्या माणसांला दाणागोटा कुठून येत हुता?"

वाटाड्या थांबला. त्याने गोड्या पाण्याचे दोन तलाव दाखविले. "पाणी झालं," ते म्हणाले, "दाणा?"

या प्रश्नाने मीही चमकलो. कारण याचे उत्तर समोरच समुद्रात उभे होते. मुरुडच्या किनाऱ्यासमोर कासा नावाच्या खडकावर महाराजांनी पद्मदुर्ग बांधविला, तो सिद्द्याच्या उरावर दुसरी राजपुरी असावी म्हणून. तो बांधला जात असताना सिद्दी रोज तोफा डागीत होता, आणि आत राबणाऱ्या लोकांस दाणा व पैका पोहोचविण्याची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याजवर होती. त्याने ती वेळेवर पार पाडली नाही. त्यावर महाराजांनी त्यास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. तुम्हांस सिद्द्याने काही देऊन आपले चाकर केले की काय, असे त्यात विचारले आहे. आणि ब्राह्मण म्हणून गय होईल या भ्रमात राहू नये, असेही स्पष्ट सुनावले आहे. महाराजांच्या पत्रांत इतका संताप क्वचित दिसतो. आम्ही ते पत्र वर्गात शिकवितो ते न्यायनिष्ठुरतेचा मासला म्हणून. वास्तविक ते दाणागोट्याचे पत्र आहे. तोफा, शिड्या, शूर कोळी हे सर्व असून समुद्रातला किल्ला एका कारकुनाने धान्य वेळेवर न पाठविल्यास पडतो, हे लिहिणारास ठाऊक होते आणि शिकविणारास नव्हते.

मग जंजिरा का पडला नाही? वाटाड्याच्या मते तट अभेद्य म्हणून. मला जे सुचले ते मी तेथेच सांगितले. तट भक्कम आहे हे उघड आहे. परंतु जंजिऱ्यास दाणा व पैका पुरविणारे नेहमी दुसरे कोणीतरी होते. शिवाजीमहाराजांच्या जोरापुढे फत्तेखान किल्ला देण्यास तयार झाला, तेव्हा इतर सिद्द्यांनी त्यास कैद करून १६७१ च्या सुमारास मोगलांची चाकरी पत्करली. त्यानंतर त्यांस सुरतेहून पैसा व जहाजे येऊ लागली, आणि पावसाळ्यात त्यांचे आरमार इंग्रजांच्या मुंबईच्या आश्रयास राही. १६८१ च्या अखेरीस संभाजीमहाराज स्वतः येथे येऊन बसले. तटावर तोफांचा मारा चालविला आणि किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगड, लाकडे टाकून समुद्र बुजविण्यास आरंभ केला. ही खाडी ८०० वार रुंद होती असे जुन्या इंग्रज लेखकाने म्हटले आहे. काम चालू असतानाच, १६८२ च्या जानेवारीत, मोगल सरदार हसनअलीखान घाट उतरून कल्याणच्या बाजूस आला. महाराजांस तिकडे धावणे प्राप्त झाले. मागे दादाजी रघुनाथ देशपांडे यांनी वेढा चालविला, पण तो सिद्धीस गेला नाही. जंजिरा वाचला त्यात तटाचा वाटा किती आणि घाटावरून उतरलेल्या मोगल फौजेचा किती, हे वाचकांनी ठरवावे. माझा कौल घाटाकडे आहे. सकाळी कुलाब्यास ज्या न्यायाने आम्ही आनंदलो, तोच न्याय येथे आमच्याविरुद्ध लागू झाला होता. मंडळींपैकी कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत.

उतरत्या उन्हात मुरुडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग पाहिला. तेथपर्यंत जाण्यास सवड नव्हती. त्याच्या तटाचे चिरे समुद्राच्या माऱ्याने झिजून आत गेले आहेत आणि मधला चुना तसाच उभा आहे. कुलाब्यास चुना न घालता समुद्रास वाट दिली. येथे असा चुना घातला की दगड गेला तरी तो राहिला. दोन्ही कारागिरांची नावे कोणी नोंदविली नाहीत.

वाटाड्यास त्याचा मोबदला देऊन निरोप दिला. त्याने जाताना माझ्यापाशी येऊन ते सुभेदाराचे पत्र कोणत्या पुस्तकात मिळेल ते विचारून घेतले, आणि पुढच्या खेपेस दाण्याची गोष्ट आपण आधी सांगू, असे म्हणाला. बावीस बुरूज मात्र तो सोडणार नाही, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

खोपोलीजवळ घाट लागला तेव्हा चंद्र वर आला होता. मोटारीत सुकटीचा व बोंबलाचा वास भरून राहिला होता. रेवदंड्याच्या बाजारात बहुतेकांनी गाठोडी बांधून घेतली होती. मागच्या बाकावर कोणी तरी विचारले की, संभाजीमहाराज तेथून गेले ते पुन्हा राजपुरीस आले काय. मी सांगितले की, वेढा उठल्यानंतर सात वर्षांनी, १६८९ च्या फेब्रुवारीत, संगमेश्वरास पकडून त्यांस औरंगजेबाच्या छावणीत आणले ते बहादूरगडास. बहादूरगड म्हणजे आपले पेडगाव. भीमेच्या काठचे, आपल्याच तालुक्यातले. कोणी बोलले नाही. बराच वेळाने व्यापारी गृहस्थांनी चालकास दौंडाअलीकडे चहाला थांबू नकोस म्हणून सांगितले; उजाडता बाजार होता आणि त्यांची दोन खोंडे दावणीला उपाशी होती.